मनाच्या कलाचें माप

पस्तीस वर्षें मीं उत्तरपत्रिका तपासल्या. कोणास किती गुण द्यावे हें मला कळतें, असा माझा समज होता. तो एकदां पार मोडला. एक स्नेही आपल्या मुलीसाठीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची चौकशी करावयास आले. "मुलगा हुशार, विनयशील, निर्व्यसनी," असें मीं निःशंकपणें सांगितलें. वर्षाच्या आंत ती मुलगी अंगावर वळ घेऊन माहेरीं परतली. परीक्षा मीं घेतली होती खरी, पण भलत्याच विषयाची!

मग या विषयाची परीक्षा घेतां येते काय? मानसशास्त्रज्ञांनीं तसा यत्न केला आहे. अमेरिकेंतील मरे स्ट्राउस यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलींत, घरच्या भांडणांत कोणतें कृत्य किती वेळां घडलें, हें विचारलेलें असतें. परंतु मारणारा तें कशाला कबूल करील? कॅनडांतील डोनाल्ड डटन यांनीं १९९५ सालीं मांडलेल्या २९ विधानांच्या प्रश्नावलींत मारहाणीचा प्रश्नच नाहीं. बाळपणीं आईबापांनीं कसें वागविलें, राग कितपत अनावर होतो, जवळचें माणूस सोडून जाईल ही भीति छळते काय, अशा गोष्टींवरून मनाचा कल अजमाविला जातो. पुरुषांचे हे गुण आणि त्यांच्या पत्नींनीं सांगितलेला छळ यांत संबंध आढळून आला.

तथापि कल म्हणजे कृति नव्हे. मार खाऊन वाढलेलीं कित्येक मुलें पुढें मायाळू पति होतात. उलट, कमी गुण पडले म्हणजे निर्दोषपणाचा दाखला मिळाला, असेंही नव्हे. आणि एकदां हात उगारला गेल्यावर कल मोजीत बसणें व्यर्थ होय. तेथें धोका ओळखावयाचा असतो. पतीनें एकदांच कां होईना, गळा आवळला असेल, तर तो प्राणावरचा इशारा समजावा. आपल्याकडील २००५ चा कायदाही केवळ वळ पाहत नाहीं. शिवीगाळ, मानसिक जाच, पैशाची कोंडी यांसही तो हिंसाच म्हणतो.

पुढें त्या मुलीनें मला सांगितलें, "गुरुजी, साखरपुडा झाल्यापासून ते माझ्या क्षणाक्षणाचा हिशेब मागत. मला तेव्हांच भय वाटलें होतें. पण मला कोणी विचारलेंच नाहीं."

श्रोते हो, शास्त्रज्ञांची प्रश्नावली आपल्या हातीं नसेल. पण हा एक प्रश्न तरी आपल्या हातीं आहे. मुलीला एकांतीं विचारा, आणि तिचें उत्तर खरें माना. मीं विचारलें नाहीं, हें शल्य घेऊन मी आपली रजा घेतों.