दारातली चार फूट जागा
(रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाने ठेवलेल्या कार्यक्रमातील भाषण)



मला मंडळानं विषय दिला ‘कमी खर्चात दाराची सजावट’. तोरण, रांगोळी यावर मी बोलणारच आहे. पण आधी चपलांवर बोलते, कारण आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत पाण्याच्या खालोखाल भांडणं कशावरून झाली असतील तर ती चपलांवरून.

आपल्यापैकी बरेच जण वाड्यातून किंवा मळ्यातल्या घरातून इथं फ्लॅटमध्ये आले. वाड्याला दिंडी दरवाजा असायचा, आत शिरलं की देवडी, मग अंगण, मग ओसरी. बाहेरून आलेला माणूस देवडीत काठी टेकवायचा, जोडे काढायचा, रांजणातलं पाणी पायावर घ्यायचा आणि मग ओसरीवर टेकायचा. म्हणजे बाहेर आणि घर यांच्यामध्ये एक जागा होती. फ्लॅटमध्ये ती जागाच गेली. दार उघडलं की थेट सोफा आणि टीव्ही! मग देवडीतलं सगळं सामान कुठं गेलं? जिन्यात गेलं. चपलांचे रॅक, मुलांच्या सायकली, कुंड्या, आणि आपलं घोडेगाव म्हटल्यावर कांद्याच्या गोण्या आल्याच.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या रात्री छातीत दुखायला लागलं. चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची वळेना. एका बाजूला रॅक, दुसऱ्या बाजूला सायकल आणि गोणी. काकांना तसंच अधांतरी धरून दोघांनी सामान बाजूला केलं, त्यात एकाचा पाय चपलेवरून घसरला. काका आज पहिल्या रांगेत बसून हसताहेत, म्हणून मी हे मोकळेपणानं सांगू शकते. जिना, पॅसेज या जागा सगळ्यांच्या आहेत, तिथं कुणी खासगी सामान ठेवून अडवणूक करायची नाही, हे आपल्या उपविधींत आहेच. नोटीस बोर्डावर ते चार वेळा लागलं. पण रॅक आत घ्या म्हटलं की प्रत्येक घरातून एकच उत्तर येतं, “चपला घरात? आमच्याकडे देवघर आहे.”

हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण वाडा आठवून बघा. जोडे दिंडी दरवाजाच्या आतच असायचे, फक्त ओसरीच्या बाहेर. तेव्हा आपण दाराच्या आत चार फुटांची देवडी करायची. तिची हद्द दिसली पाहिजे. फरशीवाल्याकडून शहाबादीची एक अरुंद पट्टी आणून बसवा, ते नको असेल तर सतरंजीचा तुकडा टाका. चपला पट्टीच्या अलीकडे, घर पलीकडे. आमच्याकडे सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या. पट्टी बसली आणि तिच्या पलीकडे कुणाची चप्पल जात नाही हे दिसलं, तेव्हा त्यांनी मान्य केलं. आता त्याच पाहुण्यांना सांगतात, “जोडे देवडीत काढा.”

आता खर्चाचं. दुकानातलं चपलांचं कपाट चार-पाच हजारांच्या घरात जातं, आणि भुशाच्या फळीचं असेल तर दोन पावसाळ्यांत फुगतं. मी भाजीवाल्याकडून टोमॅटोची दोन जुनी कॅरेट घेतली, ८० रुपयांना एक. सोडा टाकून धुतली, आडवी करून एकावर एक ठेवली, नायलॉनच्या दोरीनं घट्ट बांधली. प्रत्येकात मध्ये सुताराकडचा प्लायचा तुकडा टाकला की एकात चार-पाच जोड बसतात. कॅरेटला जाळी असल्यामुळे हवा खेळते, ओली चप्पल वाळते, वास धरत नाही. वरचं कॅरेट भिंतीला स्क्रूनं अडकवा, लहान मुलं ओढतात. त्याला ऑइल पेंट मात्र मारू नका, प्लॅस्टिकवर तो टिकत नाही, पापुद्रे सुटतात. पुढं जुन्या इरकल साडीचा पडदा स्प्रिंगच्या तारेवर लावा. काठ खाली येऊ द्या, फार छान दिसतो. वर फळी टाकली की किल्ल्या, वीजबिल आणि दुधाचं कार्ड ठेवायला कोनाडाच झाला.

कॅरेट, तार, चार खुंट्या आणि काथ्याचं पायपुसणं धरून माझा खर्च चारशेच्या आत झाला. पायपुसणी मात्र दोन लागतात. आपल्याकडे काळ्या रानातला चिखल बुटाला ढेकळासारखा धरतो. तो काथ्यावर निघतो, आणि ओल कपड्याच्या चिंध्यांच्या पायपुसण्यावर. एकच ठेवलं तर दोन्ही कामं अर्धवट होतात. चिंध्यांचं पायपुसणं सरकतं, त्याच्या खाली जुन्या रबरी चटईचा तुकडा घाला. म्हाताऱ्या माणसांसाठी एक न डगमगणारं स्टूल ठेवा. एका पायावर उभं राहून चप्पल घालण्यात किती जणांची हाडं मोडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि दार पूर्ण उघडलं पाहिजे. दाराआड हेल्मेट, छत्री, पिशव्या टांगल्या की दार अर्धंच उघडतं. खुंट्या बाजूच्या भिंतीवर लावा.

आता सजावट. आपल्यापासून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेनं चौकट असते, कवाड नसतं. कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून फार तर फळी किंवा पडदा. २०११ साली तिथं युको बँकेनं शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून देशभर गाजली. दार असावं की नसावं या वादात मी पडत नाही. आपल्याला दारही हवं आणि कडीही हवी. पण रांगोळीचा डबा हातात घेण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: आपल्या चौकटीला आज कवाड नसतं, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला पहिल्यांदा काय दिसलं असतं? ते आधी आवरायचं. मग तोरण.

तोरण ताजं आणि मोजकं असावं. दसऱ्याला झेंडू सकाळी महाग असतो, संध्याकाळी बाजार उठताना उतरतो, हे आपल्या बायकांना शिकवायला नको. पण सुकलेलं तोरण दिवाळीपर्यंत, कुणाकुणाकडे संक्रांतीपर्यंत लोंबत असतं, ते मला बघवत नाही. रोजच्यासाठी लोकरीचं किंवा मण्यांचं घरी केलेलं बरं, धुता येतं. रांगोळी उंबऱ्याला लागून, वीतभर. स्टिकरची रांगोळी ओल्या पायाला निसरडी होते, म्हणून मला आवडत नाही. दारासमोर रोज थोडी खरी रांगोळी पडली की तेवढी फरशी रोज पुसलीही जाते, हा तिचा मोठा फायदा.

दिवा पाटीवर पडेल असा लावा. घर नंबर ठळक हवा. रात्री डॉक्टर आला, गॅसवाला आला, तर त्याला चार दारं ठोठवावी लागू नयेत. आणि पाटीवर नाव दोघांचं घाला. पंचवीस वर्षं हप्ते दोघांनी फेडले, उंबरा रोज एकीनं पुसला आणि पाटीवर फक्त एकाचं नाव, हे बरं दिसत नाही. आपल्या तीन मजल्यांवर मी मोजून आले. दोघांची नावं असलेल्या पाट्या पाच आहेत. पुरुष मंडळी हसताहेत, पण मी नावं वाचून दाखवू शकते!

मुलींची शिंगणापूरची पाहुणी मंडळी शनि अमावस्येला येते तेव्हा दारात तीस-तीस जोड होतात, त्यांचं काय, असं मला एका वहिनींनी मघाशी विचारलं. त्या दिवसापुरती खाली पार्किंगमध्ये सतरंजी टाकू. जोडे तिथंच काढायचे. एखादा हरवला तर साडेसाती गेली समजायची.

गच्चीवर धुतलेली सहा कॅरेट ठेवली आहेत. ज्यांना हवी त्यांनी रविवारी सकाळी दहाला या, येताना दोरी आणि जुनी साडी आणा. ड्रिल मशीन सेक्रेटरीभाऊ देणार आहेत, त्यांनी आत्ताच मान हलवली. पहिल्या मजल्यापासून सुरुवात करू, वळणावरच्या रॅकपासून.