शब्द डोक्यात कसा बसतो?

(चाकण-भोसरी पट्ट्यात नोकरी करत शिकणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय करून चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत लागले आहेत. तुमच्या दिवसाकडे जरा बघा. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, लहानपणी मदरशात अरबी, लाईनवर हिंदी आणि मशीनच्या पॅनेलवर इंग्रजी. देवनागरी, उर्दू-अरबी आणि रोमन अशा तीन लिप्यांशी आपला रोजचा संबंध. तरीही एक वाक्य सारखं कानावर येतं : "इंग्रजी शब्द डोक्यातच बसत नाहीत. आमचं डोकंच तसं नाही." आज या वाक्याची तपासणी करू.

बोलणं मूल आईच्या मांडीवर शिकतं. वाचणं मात्र कोणाच्याच रक्तात नसतं. लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळा अवयव तयार होत नाही. मग आपण वाचतो कसे? फ्रान्सचे शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि लोरां कोएन यांनी दाखवलं की डाव्या कानामागे, मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारची ही जागा वाचायला शिकल्यावर अक्षरांच्या कामाला लागते. तिला आपण अक्षरपेटी म्हणू. मराठी वाचा, उर्दू वाचा की चिनी, पेटी साधारण त्याच जागी सापडते. म्हणजे इंग्रजीसाठी वेगळं डोकं लागत नाही.

आता नवा शब्द घेऊ : 'कॅलिब्रेशन'. रोमन लिपीत तो पहिल्यांदा दिसला की आपण एकेक तुकडा जोडत जातो. कायदा शिकताना हिज्जे करायचो, अगदी तसंच. काही वेळा नीट जोडून वाचला की तो सबंध शब्द ओळखीचा होतो. अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाने २०१५ साली हे मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं. प्रौढ माणसांना १५० निरर्थक, बनावट शब्द शिकवले. शिकण्याआधी अक्षरपेटी त्यांना परकं मानत होती. सरावानंतर त्याच शब्दांना ती खऱ्या शब्दांसारखा प्रतिसाद देऊ लागली. प्रयोगातली माणसं मुलं नव्हती, मोठी होती, हे ध्यानात ठेवा.

पण शब्द पूर्ण आपला व्हायला तीन धागे लागतात : रूप, आवाज आणि अर्थ. आपल्यापैकी अनेकांनी नाज़रा कुरआन वाचला. तिथे रूप आणि आवाज पक्के असतात. अरबी भाषा शिकलो नाही तर अर्थाचा धागा बांधायचा राहतो. कारखान्यात उलटं होतं. 'टॉर्क रेंच' रोज तुमच्या हातात असतो, त्याचं नाव तोंडात असतं, त्याचं काम तुम्ही नव्या इंजिनिअरला समजावता. आवाज आणि अर्थ तुमच्याकडे आहेतच. फक्त लिहिलेलं रूप जोडायचं बाकी आहे. तीनपैकी दोन धागे ज्याच्या हातात आहेत, त्याने स्वतःला ढ का म्हणावं?

लिपीचाही स्वभाव असतो. उर्दूत ज़ेर, ज़बर, पेश बहुधा लिहीत नाहीत, आणि अक्षर जागेनुसार रूप बदलतं. हिंदी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्यांच्या २०११ सालच्या एका अभ्यासात हिंदी शब्द जास्त झटपट वाचले गेले. देवनागरीतही 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र ती नंतर. इंग्रजीत तर स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकतच. म्हणून एखाद्या लिपीत हळू वाचलं जात असेल तर तो बुद्धीवरचा शेरा नाही. त्या लिपीला जास्त सराव लागतो, एवढंच.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आपल्या घरातल्या बायकांची आहे. २०१७ साली लखनौजवळच्या गावांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीतल्या स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचन शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन घेतले. मेंदूच्या वरच्या थरासोबत खोलवरच्या, नजरेशी संबंधित भागांतही बदल दिसला. तेव्हा "अम्मीचं आता काय शिकायचं वय आहे का" हे वाक्यही आजपासून बंद.

मग करायचं काय? चार साध्या गोष्टी.

एक : रोज पाचच शब्द घ्या, तेही आपल्या कामातले. पॅनेलवरचे, फलकावरचे, पगाराच्या स्लिपवरचे.

दोन : शब्द मोठ्याने, तोडून वाचा. 'मेन-टे-नन्स'. नुसता फोटो काढून ठेवला तर शब्द मोबाईलमध्ये राहतो.

तीन : वही झाकून आठवून लिहा. २००६ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिला. आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात, असं अंतर ठेवून आठवा.

चार : झोप घ्या. नवे शब्द जुन्या शब्दांत मिसळायला झोपेची मदत होते. नाईट शिफ्टवाल्यांनी घरी गेल्यावर मोबाईल बाजूला ठेवून आधी झोपावं. शब्द झोपून उठल्यावर.

हे सगळं कशासाठी? कंत्राटी कामगाराला नेमणूकपत्रावर सही करायला सांगतात. त्यात मुदत किती, पीएफ कापणार का, नोटीस किती दिवसांची, हे इंग्रजीत असतं. मशीनवर 'डू नॉट ऑपरेट' असा टॅग लटकतो, कारण आत कोणाचा तरी हात असतो. न वाचता आलेल्या एका शब्दाची किंमत कधी पगारातून जाते, कधी बोटातून. मग आपले हक्क दुसऱ्याने वाचून दाखवायचे, आणि तो जितके वाचेल तितकेच आपले.

शेवटची विनंती. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे 'उल्लास', २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. तुमच्या गल्लीतल्या एका खालाला, एका नानीला धरा. ती लिपी शिकेल, तुमचेही शब्द पक्के होतील. सुरुवात तिच्या स्वतःच्या नावापासून करा. त्या शब्दाचा आवाज तिला ठाऊक आहे, अर्थही ठाऊक आहे. फक्त रूप दाखवायचं आहे.