धंद्याची किंमत कोणी ठरवावी?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची पुष्कळ कुटुंबे आज उपनगरांत धंद्यात स्थिरावली आहेत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कोणाची यंत्रशाळा आहे, घाटकोपरला कोणाचा छापखाना आहे, मुलुंड-बोरिवलीच्या बाजारात कोणाचे दुकान आहे. वडिलांनी उभारलेला हा व्याप आता दोघा-तिघा भावांच्या भागीदारीत चालतो. धंदा सुरळीत आहे तोवर त्याची किंमत काय, हे कोणी विचारीत नाही. एखादा भाऊ वेगळा होऊ पाहतो, किंवा भागीदार निवर्ततो आणि त्याच्या पत्नीस हिस्सा द्यावयाचा असतो, तेव्हा मात्र तो प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. अशा वेळी घरचे कोणी वडीलधारे, फार तर पेढीचे हिशेब लिहिणारे गृहस्थ, ताळेबंद पुढे ओढतात आणि भांडवली खात्यातील शिल्लक हाच हिस्सा म्हणून सांगतात. हा न्याय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ताळेबंद खोटा असतो असे नाही. तो निराळ्या कामासाठी असतो. समजा, मरोळचा गाळा 1968 साली घेतला. वहीत तो बहुधा त्या वेळच्या किमतीला किंवा घसारा वजा जाता त्याहूनही कमी रकमेला उभा असतो. घसाऱ्याने यंत्राची किंमत नाममात्र उरलेली असते, आणि यंत्र तर रोज आठ तास धडधडत असते. पेढीने स्वतः कमावलेला नावलौकिक बहुधा वहीत मुळीच नसतो. भागीदारीच्या 1932 च्या कायद्याने नावलौकिक हीसुद्धा पेढीची मालमत्ता ठरविली आहे. म्हणजे वहीतील शिल्लक हाती ठेवून विधवा भावजयीची सही घेतली, तर तिच्या हक्काचा मोठा भाग तिला न कळताच बाहेर राहिला.

उलट बाजूनेही चूक होते. समजा, दुकानाचा वार्षिक नफा 12 लाख दिसतो. परंतु बंधू आणि वहिनी दोघेही सकाळपासून रात्रीपर्यंत बिनपगारी राबतात; त्यांच्या जागी माणसे नेमली तर 7 लाख पगार जाईल. मग धंद्याचा खरा नफा 5 लाख. तीन वर्षांच्या नफ्याएवढी नावलौकिकाची किंमत, असा हिशेब पुष्कळ ठिकाणी ठोकळ्याने करतात. तो 12 लाखांवर केला तर 36 लाख होतात आणि 5 लाखांवर केला तर 15. शिवाय भांडवलावर एरवीही मिळाला असता तेवढा परतावा या नफ्यातून वगळून उरेल तेवढ्यावरच नावलौकिक मोजावा, हे जाणकार सांगतो; सांगोवांगी आकडा काढणारा सांगत नाही.

नावलौकिक म्हणजे नेमके काय, हा वाद आपल्या मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चर्चगेटच्या ईरॉस चित्रपटगृहासंबंधी कंबाटा कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की केवळ मोक्याची जागा म्हणजे नावलौकिक नव्हे. सेवा, धंद्याची प्रतिष्ठा, चालविणाऱ्यांचा प्रामाणिकपणा, स्पर्धेचा अभाव, अशा अनेक गोष्टी मिळून तो होतो. बाजारातील आपल्या दुकानदारांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. त्यातही दुकान पागडीचे असेल तर प्रश्न आणखी बिकट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याने पागडीच्या देवघेवीस मान्यता दिली आहे. पण हस्तांतरास घरमालकाची संमती लागते आणि तो आपला वाटा घेतो. अशा गाळ्यास मालकीच्या गाळ्याएवढे मोल धरणे चूक, आणि काहीच मोल न धरणे ही त्याहून मोठी चूक.

मग माणूस कोणता शोधावा? मुलीसाठी स्थळ पाहताना आपण मुलाच्या आजोळापर्यंत चौकशी करतो. येथे मात्र ‘ओळखीचा आहे’ एवढ्यावर भागवितो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार 2017 पासून नोंदणीकृत मूल्यांककांची व्यवस्था झाली आहे. नादारी व दिवाळखोरी मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांना नोंदणी मिळते. त्यांचे तीन वर्ग आहेत: जमीन व इमारती, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. येथेच लोक फसतात. इमारतींचा मूल्यांकक गाळ्याची किंमत उत्तम सांगेल; चालत्या धंद्याची किंमत सांगणे हे तिसऱ्या वर्गाचे काम. कारखाना मोठा असेल तर दोघा-तिघांची गरज पडते. भागीदारीच्या पेढीस हे कायद्याने बंधन नाही, तरी नोंदणी पाहून नेमलेला माणूस बरा. नोंदणी चालू आहे की स्थगित, हेही विचारून घ्यावे.

पहिल्याच भेटीत मोबदल्याची गोष्ट काढावी. ठरेल त्या किमतीवर शेकडा अमुक, असे जो म्हणेल त्यास नमस्कार करून परत यावे; स्वतंत्र मूल्यांककाने यशावर अवलंबून मोबदला घेऊ नये, असे त्यांच्या आचारसंहितेतच आहे. सोयीचा आकडा काढून देणेही तीत निषिद्ध आहे. ज्या मालमत्तेत त्याचा हितसंबंध आहे, तिचे मूल्यांकन त्याने करावयाचे नसते. म्हणून एका भावाचे कर-विवरण भरणाऱ्या गृहस्थानेच दोघांमधील किंमत ठरवावी, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, तो कितीही सज्जन असो. नेमणूक दोन्ही पक्षांनी मिळून, लेखी करावी. खर्चही दोघांनी उचलावा.

कोणत्या कामासाठी किंमत हवी, हे त्यास आरंभीच सांगावे. कर्ज देणारी बँक घाईने विकल्यास काय येईल ते पाहते. वाटणीत तो आकडा चालणार नाही. एकाच पद्धतीवर विसंबू नये, हेही खरे. हिंदुस्थान लीव्हरमध्ये टोमको विलीन झाली तेव्हा टोमकोच्या 15 भागांस लीव्हरचे 2 भाग ठरले. त्यात मालमत्ता, उत्पन्न आणि बाजारभाव या तिन्हींचा मेळ घातला होता, आणि 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. अहवालात कोणती पद्धत का घेतली, कोणते आकडे कोणी पुरविले, कोणत्या तारखेची किंमत, हे लिहिलेले असावे. नुसत्या एका आकड्याचे पत्र आणून दिले तर ते स्वीकारू नये.

ज्यांच्या घरी आज सर्व आलबेल आहे, त्यांनी भागीदारीपत्र कपाटातून काढून पाहावे. भागीदार गेल्यास वा निघाल्यास किंमत कोण व कशी ठरवील, याचे कलम त्यात आहे काय? नसेल तर सर्वांची मने एक आहेत तोवर ते घालून घ्यावे. आणि त्या कागदाची एक प्रत घरातील स्त्रियांच्या हाती असू द्यावी.