सर्पदंश आणि ओटीपोटाचा शेक

आमच्याकडे खेड्यांत रात्रीं सर्पाचें नांव घेत नाहींत. ‘पान लागलें’ म्हणतात. कांहीं वर्षांपूर्वीं सोलापूर जिल्ह्यांतील एका गांवीं मी शिक्षक असतांना ज्वारीच्या काढणींत एका शेतकऱ्यास असेंच पान लागलें. साप घोणस होता. पाय सुजला, पण मनुष्य शुद्धीवर होता, म्हणून मंडळी निर्धास्त राहिली. सायंकाळपर्यंत लघवी झाली नाहीं. घरच्या म्हाताऱ्यांनीं वीट तापवून, फडक्यांत गुंडाळून ओटीपोट शेकलें. मींही, चार पुस्तकें वाचलेला म्हणून, सकाळपर्यंत वाट पाहा असें सांगितलें.

ही कल्पना केवळ अडाणी नव्हे. चिनी वैद्यकांत सर्पदंशानंतर लघवी अडल्यास असाच उपचार करितात. आपल्या दवण्याच्याच जातीच्या एका वनस्पतीचीं वाळलेलीं पानें कुटून कांडी करितात, ती पेटवून बेंबीखालीं कातडीपासून किंचित् अंतरावर धरितात. ऊब लागून स्नायु सैल पडावेत हा हेतु.

परंतु ‘लघवी अडली’ या दोन शब्दांत दोन निरनिराळे विकार लपलेले आहेत. नाग व मण्यार यांचें विष मज्जातंतूंवर चालतें. त्यावरील उपचारांत अॅट्रोपीन देतात, त्यानेंही मूत्राशय सुस्त होतो. तेथें मूत्र सांचून ओटीपोट फुगतें. अशा वेळीं शेकास कांहीं अर्थ असेल. न उतरल्यास डॉक्टर नळी घालतात. (अंगांतलें त्राण गेलेल्या रोग्यास मात्र चटका बसला तरी हात हलवितां येत नाहीं, हें शेकणाऱ्यानें विसरूं नये.) घोणशीचें विष रक्ताचें गोठणें बिघडवितें आणि मूत्रपिंडांस इजा करितें. तेथें मूत्र अडत नाहीं, तयारच होत नाहीं. रिकामा मूत्राशय कितीही शेकला तरी काय निघणार?

सकाळीं सोलापुरास डॉक्टरांनीं ओटीपोट दाबून पाहिलें. तें मऊ होतें. प्रतिविष शिरेंतून दिलें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालणारें हें औषध घोड्याच्या रक्तापासून करितात. मुंबईच्या हाफकिनमध्यें तें पूर्वींपासून होत आलें आहे. पण जितका उशीर, तितकी इजा अधिक. शेतकरी वांचला, तथापि कित्येक आठवडे त्याचें रक्त यंत्रानें शुद्ध करावें लागलें. ती रात्र माझ्या सल्ल्यानें गेली होती.

दंश होतांच रोग्यास न चालवितां दवाखान्यांत न्यावें, आणि वाटेंत लघवी केव्हां झाली, रंग कसा होता, हें घड्याळ पाहून टिपावें. त्या सकाळीं डॉक्टरांनीं प्रथम तेंच विचारलें. आम्हां आठदहा जणांपैकीं एकालाही सांगतां आलें नाहीं.