पडवींत बांधावयाची नाव

यवतमाळ जिल्ह्यांत कोणी घरीं नाव बांधूं लागला, तर शेजारी प्रथम हंसतात. समुद्र शेंकडों मैल दूर! परंतु जिल्ह्याच्या पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा वाहते; इसापूरच्या जलाशयांत संथ पाणीही विपुल आहे. तेव्हां हा छंद अगदींच अस्थानीं नव्हे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची नाव. वाहून आलेल्या लांकडाचा सांगाडा करून त्यावर ते सीलचें कातडें ताणीत आणि मापें आपल्याच हातांनीं घेत. आतां पातळ प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेनें शिवून सांधे एपॉक्सीनें जोडतात. इंग्लंडांत १९६३ सालीं ‘मिरर’ नांवाच्या होडीनें ही रीत घरोघर पोंचविली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तर काथ्यानें फळ्या शिवण्याची चाल फार जुनी आहे.

पंधरा-सोळा फूट लांबीच्या नावेस वीस फूट लांब व दहा फूट रुंद जागा हवी, म्हणजे चहूंकडून फिरतां येतें. छपराची पडवी उत्तम. मात्र आरंभींच दार आणि बोळाचें वळण मोजावें. पूर्ण झालेली नाव घरांतच अडकून भिंत फोडण्याची पाळी कित्येकांवर आली आहे.

नाव ठेवावयाचे दोन घोडे गवंड्याच्या पाण्याच्या नळीनें एका पातळींत आणावे. येथें आळस केला तर नावेस पीळ पडतो आणि ती जन्मभर एका अंगास ओढते.

यवतमाळचें सागवान नामांकित. त्यामुळें सारी नाव त्याचीच करण्याचा मोह होतो. तो आवरावा. सागवान जड, शिवाय तेलकट. पुसून घेतल्यावांचून त्यावर एपॉक्सी नीट धरत नाहीं. कांठाच्या पट्ट्यांपुरतें तें वापरावें; बाकी सागरी प्रतीचें, आयएस ७१० छापाचें प्लायवूड घ्यावें.

खरी अडचण हवेची. वैशाखांतील दुपारीं कालविलेलें एपॉक्सी भांड्यांतच तापून दगड होतें. तें थोडें थोडें, पसरट ताटलींत कालवावें. सकाळची थंड वेळ बरी वाटते, पण ती फसवी असते: ऊन वाढतांच लांकडांतील हवा फुगून लेपावर बुडबुडे येतात. लेप दिवस उतरतांना द्यावा. पावसाळ्यांत दमटपणानें त्यावर मेणचट थर चढतो. सर्वांत सोईचा काळ हिवाळा, आणि नेमका तेव्हांच शेतकऱ्याच्या घरांत कापूस येऊन पडतो! त्याचा तंतु ओल्या लेपाला चिकटतो, आणि आगीची धास्ती निराळीच. अशा घरानें गोठ्याचा आडोसा पाहावा. चूल व मुलें दूर ठेवावीं, हातमोजे घालावे, आणि घांसतांना नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखवटा बांधावा.

२०२३ च्या जुलैंत महागांव तालुक्यांत आनंदनगरचे लोक पुरानें वेढले गेले होते. अशा वेळीं घरची नाव बाहेर काढण्याची ऊर्मि येते. परंतु ही अरुंद नाव वाहत्या पुरांत क्षणांत उलटते. तिच्या दोन्ही टोंकांस हवाबंद कप्पे असावे, बसणाराच्या अंगांत तरंगतें जाकीट असावें आणि पहिली परीक्षा कंबरेइतक्या संथ पाण्यांत, कांठाशीं दुसरा माणूस उभा करूनच घ्यावी.