तिखट खाल्ल्याने चरबी जळते का?

(शेतकरी महिला मेळाव्यातील भाषण)



आठवडी बाजारात 'चरबी जाळणाऱ्या' मसाल्याच्या पुड्या विकायला येतात. एका भगिनीने पुडीवर भरवसा ठेवून रात्रीचे जेवणच सोडले. वजन थोडे उतरले, पण खुरपताना तिला भोवळ येऊ लागली. म्हणून आज मिरचीबद्दल बोलते.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्याचा. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. आपल्या जिभेच्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे ते जागे होते. कॅप्सायसिनही त्यालाच जागे करते. त्यामुळे ठेचा गार असला तरी मेंदूला भाजल्याचीच वर्दी जाते. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वर्दी पोचली की अ‍ॅड्रेनलिन स्रवते, घाम सुटतो आणि शरीर थोडी चरबी जाळून उष्णता तयार करते. पुडीवाल्याचे एवढे बोलणे खरे आहे.

पण किती? प्रयोगांत हा जादा खर्च दिवसाला ५० किलोकॅलरीच्या आसपास भरला. आता हिशेब करा. ठेचा परतायला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल घातले, तर त्यातून ४५ किलोकॅलरी मिळतात. जमाखर्च तिथेच मिटला! त्या भगिनीचे वजन उतरले ते जेवण सोडल्याने. पुडीला फुकटचे श्रेय मिळाले.

"तिखट खाल्ले की अंगात बळ येते" असेही आपण म्हणतो. मला ही समजूत पुडीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण तिच्यापायी दिवसभर राबणारी बाई नुसत्या ठेचा-भाकरीवर भागवते. बळ येते ते भाकरीचे. मिरची तोंडाला चव आणते, हिरवी असेल तर क जीवनसत्त्व देते, पण ताकद भरत नाही. त्याच ठेच्यात मूठभर, ३० ग्रॅम, शेंगदाणे कुटा. सुमारे १७० किलोकॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने मिळतील. शेंगा तर घरच्याच असतात.

पोरांचे तोंड भाजले तर पाणी देऊन उपयोग नाही, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा ताक द्या. आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर बाजारची पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका.