गौरवाचे वजन

इंग्रजीतल्या ‘ग्लोरी’ला मराठी प्रतिशब्द शोधायला बसलेला माणूस लवकरच अडखळतो. रणांगणावर ती कीर्ती होते, देवळात महिमा, पडक्या राजवाड्यासमोर गतवैभव. मराठीने एका शब्दावर भागवलेले नाही, हे तिच्या श्रीमंतीचेच लक्षण.

यांतला गौरव खरोखरच वजनदार. ‘गुरु’ म्हणजे जड; त्यावरून गौरव. गुरुत्वाकर्षणात तोच गुरु आहे, वृत्तातल्या लघु-गुरूंतही तोच. हिब्रूतही असेच घडले. देवाच्या महिम्यासाठी बायबलच्या जुन्या करारात येणारा ‘काव्होद’ हा शब्द जडपणा दाखवणाऱ्या धातूपासून निघाला आहे. न्यायशास्त्रात मात्र गौरव हा चक्क दोष! दोन उपपत्तींपैकी जिच्यात कमी गोष्टी गृहीत धराव्या लागतात, ती लाघवामुळे सरस ठरते. उगाच जड झालेली गौरवदोषामुळे मागे पडते.

कीर्तीचे कूळ वेगळे. कीर्ती आणि कीर्तन या सख्ख्या बहिणी; दोघींच्या मुळाशी मोठ्याने सांगणे, वाखाणणे आहे. कुणी बोललेच नाही तर कीर्ती उरत नाही.

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, परदेशातल्या मंडळांतही मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ‘मराठीचा गौरव वाटतो’ असे वाक्य कानावर येते. ते वळण हिंदीचे. मराठीत वाटतो तो अभिमान, आणि तो घरबसल्या वाटू शकतो. गौरव करावा लागतो. म्हणजे दुसऱ्याच्या पारड्यात आपल्या हाताने वजन टाकावे लागते. मुलांशी मराठीत बोलणे, मराठी पुस्तक विकत घेणे ही ती वजने. हा फरक बोथट होऊ देऊ नये.

इंग्रजीत ‘ग्लोरी’ नावाचा एक प्रकाशाचा खेळही आहे. मराठीत त्याला इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत धुके दाटलेले असले, तर समोर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वलये उमटतात. पाण्याचे सूक्ष्म थेंब सूर्यप्रकाश आल्या दिशेला परत विखुरतात, त्याचा हा परिणाम. कर्नल साइक्स यांनी या कड्यावरच्या वर्तुळाकार इंद्रधनुष्यांचे वर्णन केले. ते १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन यांना अशाच वलयांनी झपाटले. ती प्रयोगशाळेत उमटवण्याच्या ध्यासातून पुढे त्यांचे मेघकोष्ठ (क्लाउड चेंबर) घडले, आणि त्यासाठी १९२७ चे नोबेल मिळाले.

कड्यावर चार जण उभे असले, तर प्रत्येकाला वलय स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते; शेजाऱ्याची सावली कोरी. विमानातही तसेच. मुंबईहून परतताना सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मिळाली आणि खाली ढग असले, तर विमानाच्या सावलीवर ही वलये दिसू शकतात. त्यांचा मध्य नेमका पाहणाऱ्याच्या आसनापाशी असतो.